सारवलेली पाव्हणी

धूर करत नाही म्हणून जी शेगडी घरात आणली, तीच धूर ओकत होती. आणि थोडाथोडका नव्हे! स्वयंपाकघरातून ओसरीत, ओसरीतून अंगणात आणि अंगणातून थेट समोरच्या घरात. तिथल्या काकूंनी "काय हो, पेटलं का काही?" म्हणून हाक मारून विचारलंसुद्धा. आमची मांजर चंपी शिंकत शिंकत पत्र्यावर जाऊन बसली. आणि माझे आजोबा, म्हणजे नाना, ज्यांनी जन्मभर चंद्रावर जाणाऱ्या यानांची इंजिनं बनवली, ते शेगडीसमोर उकिडवे बसून डोळे पुसत तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, "असं होऊच शकत नाही."

शेगडीला काही ते पटत नव्हतं. ती नुसती "ऊं ऊं" करत होती.

हे सगळं घडलं आत्याच्या मांड्यांपायी. प्रणिताआत्या ही नानांची मुलगी, माझ्या बाबांची मोठी बहीण. ती आमच्याच घरी राहते. तिच्यासारखे मांडे आमच्या पंचक्रोशीत कुणाला येत नाहीत. मांडा म्हणजे पुरणपोळीची थोरली बहीण समजा. पुरण भरलेला गोळा हातावर झुलवत झुलवत इतका मोठा आणि पातळ करायचा, की त्यातून पलीकडचा माणूस दिसावा. मग तो खापरावर, म्हणजे पालथ्या घातलेल्या मातीच्या मोठ्या भांड्यावर पसरायचा. खाली जाळ आणि वर मांडा.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात जाळ कशाला? आमच्या घरात तसं सगळं आहे. छपरावर सूर्यपत्रे आहेत, चहाला इंडक्शन आहे, भाजी करपली तर माफी मागणारी कढई आहे. पण इंडक्शन फक्त लोखंडी भांडं तापवतं. त्याच्यावर मातीचं खापर ठेवलं, तर ते दुपारपर्यंत थंडगार बसून राहतं. म्हणून मांड्यांसाठी आमच्याकडे चूल होती. कपाशीची वाळकी झाडं, ज्यांना आम्ही पऱ्हाटी म्हणतो, ती त्या चुलीत जळायची. त्या धुराने भिंत काळी झाली होती आणि आत्याला खोकला जडला होता.

खोकला तसा कुणालाही होतो. पण आत्याचा खोकला मला सहन होत नव्हता, त्याला कारण आहे. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, मांडे आणि आमरस खातात आणि झोक्यावर बसून गाणी म्हणतात. गावात सगळ्यांत गोड गळा आत्याचा. पण गेली काही वर्षं दुसरं कडवं आलं की तिला खोकल्याची उबळ यायची. मागच्या वर्षी ती झोक्यावरून उतरली आणि तोंडाला पदर लावून बाजूला बसून राहिली. बाकीच्या बाया गात होत्या. मला तेव्हा फार रडू आलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, "धूर बंद करा. नाहीतर गाणं विसरा." म्हणून महिनाभर चूल बंद होती. खोकलाही जवळजवळ गेला होता. पण आखाजी तोंडावर आली, आणि मांड्यांशिवाय आखाजी म्हणजे काय? आत्या ऐकेना. तेव्हा नानांनी पेलेट शेगडी मागवली.

ती ड्रोनमधून आली. बादलीएवढी, चकचकीत, पोटात छोटा पंखा असलेली. सोबत पेलेटची थैली. पेलेट म्हणजे करंगळीच्या पेराएवढ्या, तपकिरी, कडक कांड्या.

"ही तर आपली पऱ्हाटीच आहे," नाना मला म्हणाले होते. "ती वाळवायची, दळायची आणि यंत्रात जोराने दाबायची. दाबताना ती तापते. मग तिच्यातलं लिग्निन (झाडाच्या खोडाला ताठपणा देणारा पदार्थ) मऊ होतं आणि डिंकासारखं काम करतं. वेगळा गोंद लागत नाही. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळण्यात आग खर्च करतं. ह्या कांड्यांत पाणी जवळजवळ नसतंच."

शेगडीला बोलताही येत होतं. आत्याने तिच्याकडे पाहताक्षणी ती म्हणाली, "नमस्कार. कृपया भांडं मध्यभागी ठेवा. कृपया पीठ सांडू नका."

"मले शिकवून राहिली का ही?" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नाना, ही पाव्हणी पाव्हण्यासारखी राहिली तर ठीक. उद्या एक जरी मांडा फसला, तर ही परत जाईन आणि माझी चूल पेटीन."

तरी आत्या मनाने चांगली. आल्या पाहुणीचा तिने मान ठेवला. संध्याकाळी शेगडीला आतून-बाहेरून सारवलं, वरून गेरूचा हात फिरवला, हळदकुंकू वाहिलं, समोर गुळाचा खडा ठेवला. शेगडी तेव्हापासून नुसती "ऊं ऊं" करत होती. आत्या म्हणाली, "बघ, मान दिला की कशी गप बसली."

आणि आज सकाळी हा असा धूर.

"नाना, उठा." आत्या दारात उभी होती. पदर नाकाला लावलेला आणि काखेत पऱ्हाटीची मोळी. "माझं पीठ तिंबून झालं, पुरण वाटून झालं. पीठ काही तुमच्या शास्त्रासाठी थांबत नाही. मी चूल पेटवते."

"आत्या, नको ना!" मी ओरडलेच.

"मग काय करू मनवा? पोरी माहेरी येऊन बसल्या आहेत. त्यांना काय कढईची माफी वाढू?"

चुलीत चंपीचं अंथरूण होतं. महिनाभर थंड राख मिळाल्यामुळे तिने चूल स्वतःच्या नावावर करून घेतली होती. आत्या ते अंथरूण काढायला वाकली, तेवढ्यात पत्र्यावरची चंपी धावत आली आणि अंथरुणावर चारी पाय रोवून बसली. आत्या तिला उठवायला लागली. चंपी उठेना. आम्हाला जो काही वेळ मिळाला, तो त्या मांजरीमुळे मिळाला.

"नाना, लवकर!" मी म्हटलं. "काय बिघडलंय?"

"तेच कळत नाही." नानांनी एक कांडी मोडली. ती कट् करून तुटली. "म्हणजे इंधन कोरडं आहे. पंखा फिरतोय. राखेचा कप्पा रिकामा आहे. सगळं ठीक आहे आणि तरी धूर आहे. मनवा, धूर म्हणजे काय, सांग बरं."

"नाना, ही वेळ आहे का प्रश्न विचारायची?"

"हीच वेळ आहे."

"धूर म्हणजे... जळून गेलेल्या लाकडाचा कचरा."

"चूक. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. चल, दाखवतो."

त्यांनी मला ओसरीवर नेलं, एक मेणबत्ती पेटवली आणि फुंकर मारून विझवली. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढली. नानांनी पेटलेली काडी वातीला न लावता त्या रेघेत वरच्या वर धरली. ज्योत टुणकन उडी मारून धुरावरून खाली उतरली आणि वात पेटली! (हा प्रयोग तुम्ही कराल, तर घरातलं मोठं माणूस जवळ हवं. नाना असतील तर दोन मोठी माणसं हवीत.)

"धूर पेटला!" मी म्हटलं.

"कारण तो मेणाची वाफ होता. म्हणजे इंधनच. लाकडाचंही तसंच. लाकूड तापलं की त्यातून काष्ठवायू (लाकडातून सुटणारा, पेट घेणारा वायू) निघतो. आपण ज्याला जाळ म्हणतो, तो हा वायू जळत असतो. पण ज्वलनाला (जळण्याच्या क्रियेला) हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि तो योग्य जागी, योग्य वेळी लागतो. चुलीत काय होतं? हवा येते कुठूनही, जाते कुठूनही. निम्मा वायू न जळताच निसटतो. तोच तुझ्या आत्याच्या छातीत जातो."

"आणि ह्या शेगडीत?"

"हिच्यात हवा दोन वाटांनी येते. एक खालून. ती अगदी बेताची. तिने कांड्या धुमसतात आणि वायू सोडतात. तिला प्राथमिक हवा (पहिली हवा) म्हणतात. दुसरी हवा शेगडीच्या दुहेरी भिंतींमधून वर चढते, वाटेत तापते आणि वरच्या कडेच्या बारीक भोकांतून आत येते. ती दुय्यम हवा (दुसरी हवा). वर आलेला वायू तिला भेटतो आणि भडकन जळतो. धूर व्हायच्या आधीच धुराचा जाळ होतो! हे भेटणं झालं नाही, तर मात्र..."

"तर मात्र चुलीपेक्षा जास्त धूर."

"बरोबर! कारण खालचा पंखा वायू तयार करतच राहणार आणि वर तो जाळायला हवाच नसणार." नाना एकदम थांबले. "पण हवा का नसेल? भोकं तर आहेत."

आम्ही दोघं आत पळालो. मी ओला फडका डोळ्यांवरून फिरवला आणि शेगडीत डोकावले. आतली कड गुळगुळीत होती. लालसर, सुंदर, एकसारखी. आत्याच्या बोटांचे गोल फराटे तिच्यावर स्पष्ट उमटले होते.

"नाना," मी म्हटलं, "भोकं कुठे आहेत?"

नानांनी पंखा बंद केला आणि कडेवरून काळजीपूर्वक बोट फिरवलं. बोटाला गेरू लागला. ते बोट त्यांनी वर धरलं आणि आत्याकडे पाहिलं. जन्मभराच्या अनुभवाने त्यांना कळलेलं होतं, की आत्यापुढे गप्प बसणं हेही एक शास्त्र आहे.

"असे काय बघून राहिले?" आत्या म्हणाली. "सारवलं नाही तर काय नवी चूल तशीच पेटवायची? सणाच्या तोंडावर? लोक काय म्हणतील?"

"आत्या," मी म्हटलं, "तिची नाकं बुजली आहेत."

मी तिला मेणबत्तीची गोष्ट सांगितली. घाईघाईत सांगितली, त्यामुळे वायू आणि हवा यांची दोनदा अदलाबदल झाली, पण आत्या हुशार आहे. ती शेगडीकडे बघत राहिली. तिच्या काखेतली मोळी हळूच खाली आली.

"म्हणजे मीच तिचा गळा दाबला म्हण," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला. ज्या बाईला स्वतःला श्वास घ्यायला त्रास होतो, तिने दुसऱ्याचा श्वास बंद केला, हे तिला लागलं होतं. मग तिचं लक्ष सुरी घेऊन पुढे आलेल्या नानांकडे गेलं. "थांबा! खरवडायचं नाही. माझं सारवण आहे ते."

तिने गोधडी शिवायचा दाभण आणला. शेगडी अंमळ निवू दिली, हाताला फडकं गुंडाळलं आणि एकेक भोक मोकळं करायला लागली. मांड्याला भोक पडू न देणारा हात तो! भोकं नेमकी उघडली आणि भोवतालचं सारवण जसंच्या तसं राहिलं. शेवटी तिचा दाभण बाहेरच्या बाजूच्या एका जाळीत शिरला, आणि मातीची खपली पडताच शेगडी ओरडली.

"कृपया मला सारवू नका! कृपया मला सारवू नका! कालपासून सांगत आहे! दुय्यम हवा बंद आहे! गुळाबद्दल आभारी आहे, पण दुय्यम हवा बंद आहे!"

"अगं बाई," आत्या म्हणाली, "हिचं तोंडही इथेच होतं का?" पण तिच्या आवाजावरून मला वाटलं, की तोंड तिने समजून-सवरूनच लिंपलं असावं.

पुन्हा पेटवली. सुरुवातीला थोडा धूर आला. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. मग वरच्या कडेने, भोकाभोकातून, पिवळ्या-निळ्या ज्योती आत झुकल्या आणि धूर दिसेनासा झाला. नुसता एक मंद सूं सूं आवाज. आत्याने खापर ठेवलं. पाण्याचा शिंतोडा मारला, तो चर्र करून उडाला. मग तिने गोळा उचलला आणि हातावर झुलवायला सुरुवात केली. मांडा वाढत गेला, पातळ होत गेला, कोपरापर्यंत आला, आणि अलगद खापरावर उतरला.

शेगडी म्हणाली, "कृपया भांडं मध्य..."

"गप," आत्या म्हणाली. शेगडी गप बसली.

मांडा भाजला. कुठे करपला नाही, कुठे कच्चा नाही. आत्याने खापराच्या कडेला खालून झटकन बोट लावून पाहिलं. काजळी नव्हती. तिने ते स्वच्छ बोट नानांच्या नाकासमोर धरलं. मघाशी त्यांनी धरलेल्या बोटाची ही परतफेड होती.

नाना मात्र भलतीकडेच पाहत होते. त्यांनी शेगडीच्या बाहेरच्या अंगावर तळहात टेकवला होता. "प्रणिता, हे बघ. इथे चटका बसायला हवा होता. बसत नाही! तुझं सारवण उष्णतारोधक आहे (म्हणजे उष्णता आतच अडवून धरणारं). ती बाहेर वाया जात नाही, सगळी खापराला मिळते. कांड्याही कमी लागतील. कंपनीला आजच कळवतो. पुढच्या शेगड्यांना बाहेरून सारवायची सोय हवी आणि भोकांभोवती लाल खूण हवी. चंद्रावरच्या वस्तीतसुद्धा हे..."

"आधी मांडा खा," आत्या म्हणाली. "चंद्राचं मागून."

दुपारी निंबाला झोके लागले. पोटं आमरसाने तट्ट झाली होती. बायांनी आत्याला झोक्यावर बसवलं आणि मी मागून झोका दिला. आत्याने गायला सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं. माझे हात झोक्याच्या दोरीवर घट्ट झाले. दुसरं कडवं झालं! तिसरं सुरू झालं, आवाज उंच चढला, समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, नानांनी चष्मा काढून पुसला.

आणि चौथ्या कडव्याच्या तोंडाशी आत्या थांबली.

कुणीतरी पाणी आणायला पळालं. मी झोका धरून समोर गेले. "आत्या, खोकला आला का गं?"

"नाही वं," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "इतक्या वर्षांत इथपर्यंत कधी पोचलेच नाही ना. पुढचं विसरून गेले!"

सगळ्या हसल्या. कुणी म्हणे पुढचं असं आहे, कुणी म्हणे तसं. कुणाचंच कुणाशी जमेना. मग आत्याने लांब, खोल श्वास घेतला, पाय जमिनीला टेकवून झोका मागे खेचला आणि म्हणाली, "जाऊ द्या. पहिल्यापासून म्हणू."