फ्लॉपी साताऱ्याला गेली होती

आरोपीचं नाव मशीननंच सांगितलं. काळ्या पडद्यावर, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत: फ्लॉपी डिस्क फेल.

मग ते नेहमीसारखं जुन्या डॉस सिस्टिममध्ये शिरलं आणि आपल्याला काहीच ठाऊक नाही असं तोंड करून बसलं.

अवधूतनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं आधी मशीनला नमस्कार केला आणि मग बटण दाबलं. मशीननं नमस्कार स्वीकारला. लिनक्स उठलं नाही.

शहाण्णव सालच्या दसऱ्यानंतरचा हा पहिलाच कामाचा दिवस. सांगलीत हरीभाऊंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर अवधूतचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि आज दूध संघाचे चेअरमन लालासाहेब जिना चढून खास लिनक्स बघायला आले होते. अवधूतनं त्यांना सांगून ठेवलं होतं, एवढ्याशा फ्लॉपीवरून अख्खी नवी सिस्टिम उठते. लालासाहेब खूश झाले तर संघाचं सगळं कॉम्प्युटरचं काम अवधूतकडे येणार होतं.

लालासाहेब आधीच खूश नव्हते. अवधूतचे मामा नानासो विट्याकडचे गलाईवाले. सेलमला त्यांचं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान, आणि दसऱ्याला ते भाच्याकडे आले होते. मशीन सुरू व्हायची वाट बघता बघता त्यांनी लालासाहेबांच्या बोटातली अंगठी मागून घेतली, खिशातल्या काळ्या कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं, "ह्यात तांबं लय हाय."

अंगठी सासऱ्यांनी दिलेली होती.

अशा वातावरणात मशीन रुसलं. अवधूतचे कान तापले. क्लासची पोरं बघत होती, संघाची माणसं बघत होती. त्याला तातडीनं एक गुन्हेगार हवा होता.

"फ्लॉपी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," वल्लरी म्हणाली. ती क्लासात शिकवायची.

"साताऱ्याला नेली होतीस."

"हो सर. सुट्टीत क्लासात ठेवू नको, असं तुम्हीच म्हणालात."

"आणि पुण्याच्या क्लासचं तुला बोलावणं आलंय. खरं की खोटं?"

"आलंय. मी नाही म्हटलंय."

"म्हणे नाही म्हटलंय. जाता जाता आमचा बाजार उठवायचा बेत आहे हिचा." अवधूत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "सोमवारपासून येऊ नकोस."

वल्लरीला वाटलं, पायाखालच्या फरशीनं आता तरी सीतेच्या वेळची पद्धत पाळावी. फरशी शहाबादी होती. हलली नाही.

तिचे वडील साताऱ्यात शाळामास्तर. मुलीला नोकरीसाठी सांगलीला आत्याकडे ठेवलं म्हणून ते गल्लीत सहा महिने उत्तरं देत होते. हा डाग घेऊन ती घरी गेली असती, तर परत सांगली दिसली नसती.

"आमी जेवून येतो," लालासाहेब उठले. "तवर उठवा त्याला."

त्यांची माणसं आणि पोरंही पांगली, अवधूत कुणाकडे न बघता खाली गेला. लालासाहेबांचं जेवण ही घाईची गोष्ट नव्हती. वल्लरीकडे तेवढाच वेळ होता.

फरशी पुसणाऱ्या धोंडुबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. वल्लरीनं सुरुवात तिथून केली.

"धोंडुबाई, मी गावाला असताना या मशीनला कुणी हात लावला?"

धोंडुबाई लालबुंद झाल्या. "बाई, सायबास्नी सांगू नगा."

"काय केलंत?"

"सांडगं."

"म्हणजे?"

"मशीनच्या मागनं गरम वारा येतोय. तितं वाळत घालती."

वल्लरीनं डोळे मिटले. "आत पडले का एखाददुसरे?"

"न्हाई वो. मोजून घालती, मोजून काढती."

"आणखी कुणी हात लावला?"

"खंडेनवमीला सायबांनी समदं उघडलं की. आतल्या पट्ट्या काडून चौरंगावर मांडल्या, पान्या-पकडीसंगं. हळदकुकू घातलं. रातभर तसंच हुतं. पूजेतली हत्यारं कोन हलीवतंय? दसऱ्याला सकाळी सायबांनी पुन्यांदा जोडलं."

"तेव्हा इथे कोण कोण होतं?"

"घरचीच. पावनं हुतं. आमी."

म्हणजे नवमीच्या आदल्या दिवशी वल्लरीनं लिनक्स शेवटचं उठवलं, त्यानंतर मशीन सुटं होऊन परत जोडलं गेलं. जोडल्यावर फ्लॉपी कुणीच लावून पाहिली नव्हती. मशीन म्हणत होतं फ्लॉपी खराब. पण मशीनला कसं कळलं? खात्री करायला ती दुसऱ्या मशीनवर लावून बघायला हवी. क्लासातल्या दुसऱ्या मशीनचा फ्लॉपी ड्राइव्ह वर्षभर बंद होता, आणि पोरांना तो धडा पुढच्या टर्मला आहे असं सांगितलेलं होतं.

"असला डबा अजून कुणाकडे आहे इथे?" तिनं उगाच विचारलं.

"खाली हरीभाऊंकडं हाय की," धोंडुबाई म्हणाल्या. "टायपरायटरचं झाकण घातलंय त्येच्यावर."

हरीभाऊंनी जिन्याखाली पाटी लावली होती: 'कॉम्प्युटरमुळे बोटे बिघडतात.' त्या पाटीखालून वल्लरी आत गेली.

"हरीभाऊ, तुमच्या त्या कोपऱ्यातल्या टायपरायटरवर माझी फ्लॉपी लावून बघू का?"

हरीभाऊंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीचा पडदा ओढला.

"कुणी सांगितलं?"

"टायपरायटरला मागून वायर नसते."

"दिवाळीनंतर पाटी काढणारच होतो," हरीभाऊ पुटपुटले. "वर तुमच्याकडेच शिकायला येणार होतो. पण माझ्याच पोरांच्या शेजारी कसा बसू?"

झाकण निघालं. फ्लॉपी आत गेली, दिवा लागला, घरघर झाली आणि पडद्यावर अक्षरांची रांग धावायला लागली. शेवटी एक शब्द थांबला: लॉगिन.

फ्लॉपी निर्दोष होती. वल्लरी टायपिंगच्या स्टुलावर बसली.

"आता हे वर सांगणार?" हरीभाऊंनी विचारलं.

"सांगितलं नाही तर मी खोटी पडते."

"सांगितलं तर मी."

तिनं सांगणार नाही असं कबूल केलं. बदल्यात हरीभाऊंनी आपल्या मशीनमधला ड्राइव्ह, त्याची वायर आणि आतलं कार्ड काढून दिलं. लपवून ठेवलेली वस्तू उसनी देताना माणूस फारसा घासाघीस करत नाही.

वर येऊन तिनं मशीन उघडलं. हरीभाऊंचा ड्राइव्ह लावला. फेल. त्यांची वायर लावली. फेल. ड्राइव्ह आणि वायर दोन्ही सुटले. उरलं ते कार्ड. फ्लॉपी आणि हार्ड डिस्क दोघींना मशीनशी जोडणारी हिरवी पट्टी, जिच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. वल्लरीनं ती उपसून उजेडात धरली.

कोपऱ्यात कुंकू होतं. ते निरुपद्रवी. पण एका टोकाचे काही दात पांढरे पडले होते आणि दोन तर पट्टीवरून उचकटलेले होते. ओरखडे सगळे एकाच दिशेचे.

तिनं मान वर केली. खोलीत एकच माणूस उरला होता. नानासो मामा. ते जेवायला गेलेच नव्हते. मघापासून खुर्चीत बसून फरशीकडे बघत होते.

आपण निर्दोष आहोत हे कळल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

लालासाहेब परतले. त्यांच्यामागून माणसं, पोरं आणि सगळ्यांत शेवटी अवधूत.

"उठलं का?"

"उठेल. आधी का उठत नव्हतं ते सांगते," वल्लरी म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून ती थांबली आणि पुन्हा बोलली. "फ्लॉपी चांगली आहे."

"कशावरनं?" लालासाहेबांनी विचारलं.

हरीभाऊंना शब्द दिलेला होता. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"माझ्याकडे चालली," दारातून आवाज आला. हरीभाऊ उभे होते, खाली मान घालून. "माझ्याकडे कॉम्प्युटर आहे."

एक पोरगा हसला. बाकीचे हसले नाहीत, त्यामुळे त्यालाही थांबावं लागलं.

"ड्राइव्हही चांगला आहे, वायरही," वल्लरी पुढे म्हणाली. "दोष या कार्डात आहे. हार्ड डिस्कचे दात शाबूत आहेत, म्हणून डॉस चालतं. फ्लॉपीचे दात घासले गेलेत, म्हणून मशीनला फ्लॉपी दिसतच नाही. न दिसणाऱ्यालाच ते फेल म्हणतं. नवमीच्या आदल्या दिवशी मी लिनक्स उठवलं होतं. मग कार्ड रातभर चौरंगावर उघडं होतं. तेव्हाच हे झालं."

"उंदीर?" लालासाहेब म्हणाले.

"उंदीर सरळ रेघ ओढत नाही. पुसतानाही असं होत नाही, पुसणारा सगळेच दात पुसतो. कुणीतरी हे कार्ड तिरकं धरून एकदाच, जोरात, दगडावर घासलंय. पिवळं दिसलं की दगडावर घासून बघायची सवय कुणाला असते?"

लालासाहेबांचा अंगठा आपोआप अंगठीवर गेला.

नानासो उभे राहिले. कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी खिशातून दगड काढून टेबलावर ठेवला.

"म्याच," ते म्हणाले.

"मामा?" अवधूत म्हणाला.

"तूच म्हनलास न्हवं, मामा, ह्याच्या दातावर खरं सोनं असतंय. दसऱ्याला जो त्यो पानाला सोनं म्हनतोय. म्हनलं, ह्ये तरी खरं हाय का बगावं. हात गेला."

"मग? कसं निघालं?" लालासाहेबांना राहवलं नाही.

"लय चोख. पन निस्ता मुलामा. एका रेघंत संपलं."

"पण बोलला का नाहीत?" अवधूतनं विचारलं.

"ह्या एवड्याशा घासण्यानं मशीन मरंल, ठावं न्हवतं. आज कळलं. त्याच वक्ताला तू पोरीचं नाव घेतलंस." मामा वल्लरीकडे वळले, पण तिच्या डोळ्यांपर्यंत पोचले नाहीत. "पोरी, तवाच बोलाया पायजे हुतं. तोंड उगडलं न्हाई. पावना मानूस, भाच्याचं घर, एवडी मानसं. माजी लाज राखाया तुजी जाऊ दिली."

वल्लरीनं हरीभाऊंचं कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. अक्षरं धावली. लॉगिन आलं.

लालासाहेब पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. "एवढंच?"

"हो," वल्लरी म्हणाली.

"चित्र-बित्र न्हाई व्हय?"

"नाही."

लालासाहेब कळवतो म्हणाले. खोली रिकामी होत गेली. अवधूत मात्र दाराशी पांढरा पडून उभा होता.

"वल्लरी, जरा बाहेर ये."

"मघाशी इथेच बोललात. आत्ताही इथेच बोला."

"माझं चुकलं. सोमवारी ये. पण... मघाशी खाली गेलो तेव्हाच मी साताऱ्याला फोन केला. तुझ्या वडिलांच्या शेजाऱ्यांकडे."

"काय सांगितलंत?"

"मुलीनं क्लासचं नुकसान केलंय, येऊन घेऊन जा."

"परत फोन करा."

"केला. ते एसटीत बसलेत."

संध्याकाळी तिघं सांगलीच्या स्टँडवर उभे होते. मामा म्हणत होते, म्या सांगतो. अवधूत म्हणत होता, आरोप मी केला, मीच सांगणार. त्यानं एक वाक्य पाठ केलं होतं आणि ओठ हलवत तेच घोकत होता. वल्लरी दोघांपासून जरा लांब उभी होती.

साताऱ्याची गाडी आली. धक्काबुक्कीत सगळ्यांच्या शेवटी मास्तर उतरले. शाळेतूनच निघालेले असणार, बाहीला खडू होता. त्यांनी मुलीला पाहिलं, पण तिच्याकडे आले नाहीत. थेट अवधूतसमोर गेले आणि त्याला तोंड उघडायची सवड न देता, आपल्याहून निम्म्या वयाच्या त्या पोरापुढे त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आईविना वाढली आहे," ते म्हणाले. "संस्कारात मीच कुठे कमी पडलो असेन. पोटात घाला."

अवधूतचं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मामांनी तोंड फिरवलं.

वल्लरी पुढे झाली. तिनं वडिलांचे जोडलेले हात धरले आणि खाली केले.

"बाबा, मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. मग अवधूतकडे वळली. "सांगा. मोठ्यानं."