पहिला घास

विनयाचं आजारपण सरलं, पण जेवणावरची वासना काही परतली नाही. महिनाभर ती दोन घासांवर ताटावरून उठत होती. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. नालासोपाऱ्यातल्या माणसाला परवडणारा हवापालट म्हणजे वसईचा किल्ला. तेव्हा सदानंद बायकोला आणि डब्याला घेऊन भर दुपारी तिथं पोचला.

किल्ल्याला इतिहास होता, आणि इतिहासाला मुतारीचा वास होता. प्रेमवीरांनी भिंतींवर नावं कोरून पोर्तुगीजांची उणीव भरून काढली होती. तटाखालच्या बागेत एक बाक त्यातल्या त्यात स्वच्छ निघाला. समोर ओहोटीची खाडी. काळा, बुळबुळीत चिखल उन्हात आंबत पडलेला.

शहाळीवाल्या हिलरीने शहाळ्याबरोबर सल्लाही दिला. "भाऊ, पयला घास बाजूला ठेवा हां. उपाशी मेलेली मानसं हायेत तटाखाली, म्हणतात."

"त्यांना सुकटीची चटणी झेपायची नाही," सदानंद हसला, आणि पहिला घास त्याने स्वतःच्याच तोंडात टाकला.

चटणी चिखलासारखी लागली. त्याने मान वर केली, तर विनया जेवत होती. आधी सावकाश, मग बकाबका. पोळ्या संपल्या. आगाशीची सुकेळी, म्हणजे पानात बांधलेली सुकवलेली केळी, तिने वाळलेल्या पानासकट चावली. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. मग ती खाली वाकली आणि बाकाखालची ओली माती ओरपू लागली. सदानंदला शिसारी आली. पण ज्या भुकेसाठी नवस बोललो, तिला नको कसं म्हणायचं?

"पुरे... विनया, पुरे..."

घरी येऊन दार लावल्यावर ती रडू लागली.

"आज खरंच भूक लागली होती हो... माझ्यासाठी एक घास तरी ठेवायचात."

"अगं, सगळा डबा तूच..."

"माझ्या हातातून ओढून घेतलंत. माती... माती खात होतात तुम्ही."

तो बेसिनकडे धावला. चूळ भरली. खाडीचा काळा चिखल पडला. त्यात केळीच्या पानाचे धागे.

सकाळची एक पोळी उरली होती. त्याने तिचा पहिला घास मोडून खिडकीत ठेवला, आणि ताट विनयापुढे सरकवलं. "आता जेव."

कुठंतरी कोणी मचमच करत बोटं चाटत होतं.

सदानंदने वळून पाहिलं. खिडकी रिकामी होती. विनया ताट छातीशी धरून मागे मागे सरकत होती. तिची नजर त्याच्या तोंडाकडे होती.

बोटं त्याचीच होती.

आणि भूक अजून तशीच होती...