सिंदीचं गोदाम आणि चाळीस जादा फोटो

मंजुषा सिंदी स्टेशनजवळ चहा प्यायला टेकली होती, भांडायला नाही. पण शेजारच्या बाकड्यावरच्या माणसाच्या लॅपटॉपात तिचंच गोदाम मागं कलंडलेलं दिसलं अन् तिच्या जिभेला धार चढली.

"ओ साहेब! आमचं गोदाम दारू प्यायलं का?"

त्यानं वर पाहिलं. वर्ध्याचा फोटोवाला, धनंजय. डोळे असे, की पोरीनं आधी पदर सावरावा, मग रागवावं.

"अण्णाजींनी फोटो मागवले..."

मंजुषाचा चहा कडू झाला. अण्णाजी गोदामाचे मालक. भिंत कलली म्हणून पाडायचं म्हणत होते. तिथं आठ बाया तिच्यासोबत गाद्या शिवायच्या. गोदाम गेलं की काम गेलं!

"भिंत नाई कलली. तुमचा कॅमेरा कलला."

"गल्ली अरुंद, म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वर करून फोटो काढला. मग भिंत अशीच मागं झुकते," तो ओशाळला. "लॅपटॉपवर ताणून सरळ करतो, दोन मिनिटात."

"म्हणजे अण्णाजी म्हणतील, पोरीनं डोळा मारून करून घेतलं!"

"मारला का...?"

"मारला असता तर तुमच्या हातून कप सुटला असता."

दुसऱ्या दिवशी तो नागपूरहून शिफ्ट लेन्स मागून घेऊन आला. कॅमेरा ताठ उभा ठेवायचा, फक्त पुढची काच वर सरकवायची, की भिंत आहे तशी येते. मंजुषा छपरावर चढली अन् गवंड्याचा ओळंबा भिंतीलगत सोडून उभी राहिली. फोटोत दोरी अन् भिंत शेजारी शेजारी. फक्त एका कोपऱ्यात दोन बोटं फरक.

"हा मिटवू?"

"खबरदार! दोन बोटं आहे तर दोन बोटं दिसू द्या."

अण्णाजींनी दोन्ही फोटो पाहिले. "पहिला वाकडा कोणी काढला?"

"मीच. चूक माझी," धनंजय म्हणाला. मान खाली घातली नाही, हे मंजुषानं टिपलं.

"कोपरा बांधून घे, पोरी," अण्णाजी पुटपुटले. "राहू दे गोदाम."

बाहेर उन्हात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. धनंजय घुटमळला.

"आणखी एक चूक सांगायची राहिली... फोटो पाचव्यातच जमला होता. पुढचे चाळीस उगाच काढले."

"मले माहीत आहे. कॅमेरा भिंत पाहत होता. तुम्ही काय पाहत होते, ते वरून दिसून राह्यलं होतं."

"मग खाली काऊन नाई उतरल्या?"

मंजुषा लाजली, पण नजर हटवली नाही.

"एक्केचाळीसावा बी उगाच काढता का म्हणून... थांबली होती."