पुलाचे दगड

"ओ मॅडम… तितं पाय टाकू नका! लई खोल हाय!"

अपेक्षानं वर पाहिलं. पुलावर ट्रॅक्टर थांबवून एक उंचापुरा तरुण कठड्यावरून वाकला होता. ती सरकारी खात्यातली नवी इंजिनिअर, मुळा नदीच्या गुडघाभर पाण्यात लोखंडी सळई घेऊन उभी.

"खोल आहे म्हणूनच आलेय," ती म्हणाली. "पाणी खांबाभोवती गरगरतं आणि पायाखालची वाळू उपसून नेतं. ती धरायला आम्ही इथं मोठे दगड टाकले होते. गेले कुठे?"

"आधी चहा घ्या… मग रागवा." तो असा काही हसला, की सळई तिच्या हातातून निसटता निसटता राहिली.

त्या तरुणाचं, निरंजनचं, घर काठावरच होतं. मागं आयटीवाल्या भाडेकरूंच्या खोल्या, पुढं नवीकोरी दगडी भिंत.

"वडलांनी हौसेनं बांधली," तो छाती फुगवून म्हणाला.

अपेक्षानं भिंतीवरून हात फिरवला. दगडांवर तिच्याच खात्याचे पिवळे पट्टे होते. चहा तसाच निवला.

"ही भिंत नाही… हा आमचा पूल आहे."

निरंजनचा चेहरा खर्रकन उतरला. "उन्हाळ्यात उघडे पडलेले. बेवारशी समजून समद्या गावानं नेले…"

"धरणाचं पाणी सुटलं की खांब खचेल! मग तुमचे भाडेकरू हिंजवडीला कामाला काय पोहत जाणार?" तिनं सुनावलं. आता तक्रार करणं भाग होतं, आणि ज्याच्याविरुद्ध करायची, नेमका तोच मनात भरला होता. नशीब तरी किती खट्याळ!

सकाळी ती नदीवर आली, तर ट्रॉली दगडांनी शिगोशीग भरलेली. शेजारी पहार घेऊन निरंजनचे वडील, विठ्ठलराव.

"आमी चोर न्हाई, बाई," ते ताठ मानेनं म्हणाले. "चुकलं. कुटं टाकायचं तेवढं सांगा."

बापलेकांनी भिंत पाडली म्हटल्यावर गाव कशाला मागं राहतंय? ट्रॉलीमागून ट्रॉली आली. अपेक्षा चिखलात उभी राहून दगड बसवून घेऊ लागली, लहान खाली, मोठे वर, एकमेकांत घट्ट अडकवून.

"माझ्याकडे नको, दगडाकडे बघा!"

"दगडंच बघत आलोय की आजवर…" निरंजन पुटपुटला. तिनं हसू दाबलं.

आषाढात धरणाचं पाणी सुटलं. तांबडी नदी रात्रंदिवस खांबाला धडका देत राहिली आणि अपेक्षा काठावरून हलेना. पाणी ओसरताच ती निरंजनला घेऊन खाली उतरली. सळई खुपसली… खण्ण!

"हलले नाहीत! एकही नाही!" आनंदाच्या भरात तिनं त्याचा हात धरला, आणि सोडायचं विसरली.

"आमच्या अंगणाला भिंत न्हाई आता," तो हळूच म्हणाला. "सोयरीक कोन करंल?"

"लातूरहून माझे बाबा येतायत."

"पूल बघाया?"

"पूल तर दाखवणारच. माझं काम आहे ते!" ती लाजली, पण मान ताठच. "आणि ते तुम्हालाही बघायला येतायत. भिंती काय, सगळेच बांधतात… मी त्यांना सांगितलंय, हा पाडणारा आहे."