पत्र्यावरची कोरी जागा

आमच्या वर्कशॉपला खिडकी नाही. म्हणजे होती, पण आम्हीच बुजवली. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर शाई धरण्यासाठी आधी एक पारदर्शक लेप द्यावा लागतो, आणि तो वाळेपर्यंत धुळीचा कण चालत नाही. त्यामुळे भरदुपारीही आत ट्यूबलाइटचा उजेड, ओल्या लेपाचा आंबूस वास आणि प्रिंटरचा तो संथ आवाज. सर्रऽ... सर्रऽ...

पत्र्यावर फोटो छापायचं हे काम नणंद-भावजयीचं. पत्रा कापणं, पुसणं, लेप देणं माझ्याकडे, कॉम्प्युटर नणंदेकडे. तिशी उलटली तरी घरात ती अजून बेबीच. तोंड अखंड चालू. प्रिंटर आणि बेबी, दोघांपैकी एक तरी गप्प असावं एवढीच माझी माफक अपेक्षा, तीही कधी पुरी व्हायची नाही.

त्या दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, पण चालताना अंग एका बाजूला किंचित ओढल्यासारखं. त्यांनी टेबलावर फोटो ठेवला. तळ्याकाठी उभ्या दोन तरुण मुली. धाकटीनं मोठीच्या कमरेला हात घातलेला, दोघी हसताहेत. मोठी म्हणजे या बाईच, हे हनुवटीवरून लगेच कळत होतं.

"ही माझी धाकटी बहीण," बाई म्हणाल्या. "मोठा करून पत्र्यावर छापून हवाय. फक्त... मला त्यातून काढा."

"अहो, का?" बेबीला राहवतंय थोडंच! "किती गोड आलाय दोघींचा."

"फोटो काढला आणि थोड्याच वेळात दोघी पाण्यात पडलो. मी वर आले." बाईंनी फोटो आमच्याकडे सरकवला. "मला काढा. त्या जागी दुसरं काही भरू नका."

बेबीचा आवाज एकदम उतरला. "आमच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, ताई. कोरं सोडलं तर तिथे नुसता पत्रा दिसेल. आरशासारखा."

"दिसू दे," बाई म्हणाल्या आणि संध्याकाळी येते सांगून गेल्या.

बेबीनं स्क्रीनवर बाईंना अलगद कापून काढलं. मी लेप वाळलेला पत्रा प्रिंटरवर सपाट बसवला, कडा चिकटवल्या. शाईची पट्टी पुढेमागे फिरू लागली आणि चकचकीत धातूवर हळूहळू झाडं उमटली, तळं उमटलं, मग ती मुलगी. तिच्या शेजारी माणसाच्या आकाराची लख्ख जागा. कमरेला घातलेला तिचा हात आता नुसता हवेत होता. बोटं पसरलेली, काहीतरी चाचपडत असल्यासारखी.

मला ते बघवेना. वरचं वार्निश तयार करायला मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

बेबी पत्र्यावर कुठे धूळ बसली आहे का ते बघायला वाकली. "वहिनी, ए वहिनी, गंमत बघ. माझं प्रतिबिंब त्या जागेत कसं फिट्ट बसतंय! अगदी मैत्रिणी वाटतोय." ती पत्र्याकडे बघून हसली.

मी पाठमोरी होते. डबा ढवळत होते.

"वहिनी... हात काढ ना. गार आहे."

"काय?"

"कमरेवरचा हात... काढ."

मी वळले. माझे दोन्ही हात रबरी मोज्यांत, डब्यावर. बेबीनंही मान वर केली, मला लांब उभी बघितलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती मागे मागे सरकत पार दाराला जाऊन टेकली.

मी पत्र्याजवळ गेले. वाकले तेव्हा त्या कोऱ्या जागेत माझं तोंड दिसायला हवं होतं.

तिथे बेबी होती. वाकलेली, हसणारी. आणि त्या मुलीची पसरलेली बोटं मिटलेली होती, घट्ट.

वार्निश बसेपर्यंत आमची शाई ओल्या फडक्यानं निघते. मी बादलीतला स्पंज उचलला आणि पुसत सुटले. झाडं गेली, तळं गेलं, मुलीचं हसू काळपट ओघळ होऊन खाली आलं. सगळं निघालं, तो हात तेवढा निघेना. मी रडत रडत घासत होते. लेप सोलला, पत्र्यावर ओरखडे उठले, तेव्हा कुठे तो गेला. मग पत्र्यात नुसती वरची ट्यूबलाइट दिसू लागली, आणि माझं तोंड.

"बेबी, काही नाही गं. गेलं सगळं," मी तिला जवळ घेत म्हटलं. तिच्या कुर्त्याची एक बाजू ओलीचिंब होती. स्पंज तर तिच्यापर्यंत पोचलाही नव्हता.

संध्याकाळी बाई आल्या. मी खरं ते सांगितलं. रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी तो ओरखडलेला पत्रा नुसता पाहिला.

"तिच्याकडे बघून कोणी हसलं का?" त्यांनी हलकेच विचारलं.

बेबीनं होकारार्थी मान हलवली.

"सॉरी," बाई म्हणाल्या. "खरंच... सॉरी." फोटो न घेताच त्या वळल्या. दारातून गेल्या त्या अगदी सरळ, ताठ. बाहेर पडताच त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला, बुडता बुडता डोकं पाण्याबाहेर निघावं तसा.

तो फोटो आम्ही जाळला. बेबी काम करते, जेवते, विचारलं तर "मस्त आहे" म्हणते. बडबड मात्र कमी झालीय. कधीतरी बोलते, पण आवाज इतका बारीक की माझ्याशी बोलत नसावी.

काल ती हॉलमधल्या कोचाच्या एका टोकाला बसली होती. मी तिच्याजवळ बसायला गेले, तर म्हणाली, "वहिनी, जरा पलीकडे बस ना." मी दुसऱ्या टोकाला बसले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो. मग ती कपबशा घेऊन आत गेली आणि मीही उठले.

गादी जुनी, स्पंजाची. माणूस उठला की तिचा खळगा हळूहळू भरून येतो. बेबीच्या जागेचा भरून आला. माझ्याही जागेचा आला.

मधला मात्र तसाच राहिला.