चार नंबरची लाईन

ही घडलेली गोष्ट आहे. तुम्हाला पटली नाही तरी माझी तक्रार नाही. मलाच ती अजून पूर्ण पटलेली नाही.

गेल्या मे महिन्यातला तिसरा रविवार. भर दुपारचे अडीच. नागपूरच्या मिहानमधल्या रस्त्यावर त्या उन्हात कुत्रंही दिसत नव्हतं. आत सर्व्हर रूममध्ये मात्र मी स्वेटर घालून बसलो होतो.

एकटाच.

रविवारची ड्युटी नेहमी मलाच मिळते. माझ्या, म्हणजे अंकुशच्या, घरी वाट पाहणारं कोणी नाही, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे.

काम सोपं होतं. एक जुना सर्व्हर चार वाजता कायमचा बंद होणार होता. एका सर्व्हरमध्ये भाडेकरू राहावेत तशा अनेक व्हर्च्युअल मशिनी चालतात. त्या चालू असतानाच नव्या सर्व्हरवर हलवायच्या. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

अकरा मशिनी गेल्या.

बारावी अडली.

ती एका संस्थेच्या फोनसेवेची होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी फोन करायचा, आमच्याच इमारतीत बसणाऱ्या संस्थेच्या बायांनी ऐकायचं. त्या मशीनला फोनलाईनचं खरंखुरं कार्ड थेट जोडलेलं होतं. असं कार्ड असलं की मशीन हलवता येत नाही. मशीनची सगळी मेमरी उचलता येते, पण कार्डाच्या आत काय चाललंय ते सर्व्हरलाही दिसत नाही. म्हणून आधी कार्ड सोडवायचं, मग मशीन हलवायची आणि तिकडे नवं कार्ड जोडायचं.

मी कमांड दिली.

नकार आला... कार्ड वापरात आहे.

रविवारी ही सेवा बंद असते. मी लाईनी तपासल्या. सगळ्या रिकाम्या.

चार नंबर सोडून.

तिथे एक कॉल चालू होता... चौदा महिन्यांपासून.

मला हसू आलं. मोजणीत गडबड असणार. मग कॉल कधी सुरू झाला ते पाहिलं आणि हसू गेलं. आदल्या वर्षीची बारा मार्च, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. फोन उचलणारी... गोपिका.

गोपिकाताई चार नंबरवर बसायच्या. त्याच बारा मार्चला पाच वाजता, घरी जाताना, वर्धा रोडवर ट्रकनं त्यांना उडवलं. दवाखान्यात ओळख पटवायला इमारतीतून मीच गेलो होतो.

मी हेडफोन लावला.

"हो काकू. आहे मी. बोला."

ताईंचाच आवाज.

जुनं रेकॉर्डिंग असेल, असं मनाला समजावत होतो. तेवढ्यात पलीकडून बारीक, थकलेला आवाज आला.

"आज विहिरीवरची मोटर जळली. कोणाले सांगू वं पोरी?"

"मले सांगा ना."

फोन करणारीचं नाव होतं अंजनाबाई, नरखेड तालुका. संस्थेच्या नोंदीत मागच्याच आठवड्याची भेट होती. तब्येत ठीक. एकट्याच राहतात.

म्हणजे पलीकडची बाई जिवंत होती.

पावणेचारला जितेंद्र सरांचा फोन आला. "काय गा अंकुश, झालं का नाही? चारले पॉवर काढून राहिले ते लोक."

"एक लाईन चालू आहे सर."

"आज कोण बोलून राहिलं? जबरदस्तीनं काढ न!"

काढता आलं असतं. मशीन गोठली असती, सोमवारी शिव्या बसल्या असत्या, निभावलं असतं. पण ती म्हातारी अर्ध्या वाक्यात तुटली असती. चौदा महिने तिला ऐकणारं हे एकच माणूस होतं. माणूस म्हणा, नाही तर काय म्हणायचं ते म्हणा.

मी माईक चालू केला.

"ताई... मी अंकुश. मशीन हलवा लागते."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"मंग त्यायले कोण ऐकन गा?"

अगदी कानाशी.

"मी," म्हणालो. कसं म्हणालो, देव जाणे.

चार नंबरची लाईन रिकामी झाली.

कार्ड सुटलं. मशीन गेली. नवं कार्ड जोडलं तेव्हा तीन बावन्न झाले होते.

संध्याकाळी सात वाजता मी त्याच सेवेवरून अंजनाबाईंना फोन लावला. नाव सांगायच्या आधीच त्या बोलल्या.

"अंकुश काय बापू? पोरीनं सांगतलं मले. आता तू ऐकशीन म्हणे. जेवला काय?"

तेव्हापासून रोज सातला आम्ही बोलतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटतं. मी जेवलो का, हे विचारणारं दुसरं कोणी नाही.

पण ती मशीन मीच सांभाळतो. आमचा कॉल मला पडद्यावर दिसतो. कॉलवरची माणसं...

तीन.

तिसऱ्याला नंबर नाही.

परवा अंजनाबाईंना लवकर झोप आली. त्यांनी फोन ठेवला. पडद्यावर तिनाचे दोन झाले.

मी फोन ठेवायला हवा होता.

ठेवला नाही. दिवसभरात काय काय झालं, ते सगळं सांगत बसलो.