गेंडा बंद का पडतो?

"पडला बंद!" भोंगा ओरडला. "अकरा मिनिटं!"

"कानात काय ओरडतोस? लिहितेय ना मी," चिमटी म्हणाली आणि तिने वहीत अकराचा आकडा टाकला.

ठिणगीने किक मारली. एकदा, दोनदा, दहादा! गेंड्याने नुसतं खक् केलं आणि पुन्हा चिडीचूप.

गेंडा म्हणजे मामाची एटीव्ही. चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजावं लागणारं जुनं टू-स्ट्रोक इंजिन. मामाने ती कुणाची तरी वापरलेली आणली होती. सकाळी गेंडा झोकात सुरू व्हायचा, निळा धूर सोडत निघायचा आणि थोड्याच वेळात मान टाकायचा. पंधरा मिनिटं विश्रांती दिली की पुन्हा सुरू! असले नखरे घरातल्या लहान मुलालाही कुणी करू देत नाही.

ठिणगी तेरा वर्षांची, भोंगा तिचा अकरा वर्षांचा भाऊ. दोघं सुट्टीला मामाकडे आली होती. चिमटी मामाची मुलगी, वय वर्षं दहा. सुट्टीत खूप हुंदडायचं ठरलं होतं, पण हुंदडणार कसलं? सगळ्यांचा जीव त्या गेंड्यात अडकला होता.

कारण मामा होता पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनवर चौकीदार. उजाड माळावर एकेक किलोमीटर अंतराने बारा व्हॉल्व्ह. रोज प्रत्येक व्हॉल्व्ह तपासायचा, कुठे गळत असेल तर बुजवायचं. तीस वर्षं मामाने हे पायी केलं. आता त्याचा गुडघा कामातून गेला होता. ऑफिसातल्या साहेबांनी एकच संधी दिली होती. उद्या सकाळी दहाला गाडीवरून निघायचं आणि सगळे व्हॉल्व्ह तपासत बाराच्या आत शेवटच्या व्हॉल्व्हवर पोहोचायचं. नाही जमलं तर नोकरी दुसऱ्याला. आणि घर नोकरीचंच, म्हणजे घरही दुसऱ्याला. चिमटीचा जन्म त्याच घरातला.

दुपारी मिस्त्रीकाका आले. या महिन्यात पाचव्यांदा! त्यांनी कार्बोरेटर काढला, फुंकला, पुसला, बसवला.

"कचरा होता. आता बघा, विमानासारखी पळेल!"

"काका, हे तुम्ही चार वेळा म्हणालात," भोंगा म्हणाला.

"मग पाचव्यांदा पण म्हणतो!"

"मी प्लग काढून बघितला होता. ठिणगी चांगली पडते," ठिणगी म्हणाली.

"तू पडू नकोस म्हणजे झालं!" मिस्त्रीकाका स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

चिमटीने वही पुढे केली. "काका, हे बघा ना. टाकी भरलेली असते तेव्हा दहा-अकरा मिनिटांत बंद पडतो. अर्धी असते तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं चालतो."

"अगं बाळ, टाकी भरलेली असली की गाडी जास्त चालते, कमी नाही! उलटं लिहिलंयस तू." त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्या टाकी काठोकाठ भरा. आणि वाटेत कुणी एकही नट सोडवायचा नाही. बंद पडली तर थंड होऊ द्या."

खरं सांगायचं तर चिमटीचं म्हणणं ठिणगीलाही विचित्रच वाटलं होतं. तिनेच दुसऱ्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. याचं तिला पुढे फार वाईट वाटत राहिलं.

सकाळी बरोबर दहाला मामा गेंड्यावर बसून निघाला आणि तिघं सायकली दामटत मागे. साहेब जीप घेऊन शेवटच्या व्हॉल्व्हवर थांबले होते. पहिला व्हॉल्व्ह झाला, दुसरा झाला आणि खक्! गेंडा बसला.

"थंड होऊ दे," मामा म्हणाला.

पंधरा मिनिटं गेली. चौथ्या व्हॉल्व्हनंतर पुन्हा तेच. सहाव्यानंतर पुन्हा! मामाचा शर्ट घामाने चिकटला होता. आठव्या व्हॉल्व्हपाशी गेंडा बंद पडला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. मामा खाली उतरला आणि गुडघा धरून पाइपावरच बसला.

"झालं," तो म्हणाला. "संपलं सगळं."

"गेले मिस्त्रीकाका खड्ड्यात!" ठिणगी म्हणाली. "भोंगा, पाना दे!"

तिने प्लग काढला. प्लग कोरडा ठणठणीत! "इंजिनात पेट्रोलच येत नाहीये!" मग तिने टाकीखालची नळी काढली. दोन थेंब पडले आणि धार बंद झाली.

"टाकी तर भरलेली आहे! मग पेट्रोल अडतंय कुठे?"

"मी बघते," म्हणत चिमटीने टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स्स! टाकीने मोठ्ठा श्वास आत घेतला आणि खालच्या नळीतून पेट्रोलची जोरदार धार लागली!

"हवा!" ठिणगी किंचाळली. "टाकीत हवाच जात नाहीये! पेट्रोल खाली जातं, पण त्याची जागा घ्यायला वरून हवा नको? म्हणून टाकीच पेट्रोल ओढून धरते!"

"आणि टाकी भरलेली असली की आत हवा अगदी थोडी. म्हणून लवकर अडतं!" भोंगा म्हणाला. "चिमटे, तुझी वही बरोबर होती गं!"

ठिणगीने झाकण उलटंपालटं केलं. मधोमध राखाडी रंगाचा एक टणक ठिपका होता. "मामा, हे काय लावलंय?"

"ते होय? बारीक भोक होतं. पेट्रोलचा वास यायचा. गाडी आणली त्याच दिवशी बुजवलं, पाइपाला लावतो तो मसाला लावून."



"मिस्त्रींना सांगितलं होतंस का?" ठिणगीने हळूच विचारलं.

"त्यात सांगायचं काय? भोक दिसलं की बुजवायचं. तीस वर्षं तेच तर..." मामा बोलता बोलता थांबला. त्याला सगळं कळलं होतं. मुलांना त्याच्याकडे बघवेना.

ठिणगीने झटपट प्लग आणि नळी बसवली. भोंग्याने पान्याच्या टोकाने मसाला खरवडून काढला. किक मारली आणि गेंडा असा काही गरजला! नववा व्हॉल्व्ह, दहावा, अकरावा! सायकली मागे पडल्या, मुलांच्या तोंडाला फेस यायची वेळ आली, पण गेंडा काही थांबला नाही.

बाराव्या व्हॉल्व्हवर तो पोहोचला तेव्हा बारा वाजून सोळा मिनिटं झाली होती.

मुलं धापा टाकत आली, तेव्हा मामा साहेबांना सगळं सांगत होता. काहीही न लपवता, मसाल्यासकट! साहेब थक्क झाले.

"मिस्त्रीला महिनाभर जमलं नाही ते तुम्ही दहा मिनिटांत शोधलंत? शाबास रे पोरांनो! कमाल आहे तुमची!"

"मग मामाला पास करा ना!" भोंगा म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली. "'वेळेत पोहोचला नाही' असं फॉर्मवर लिहून त्याचा फोटो बारा वाजताच मोठ्या ऑफिसला पाठवला मी. आता माझ्या हातात काही नाही, बाळा. नवा माणूस एक तारखेला येईल."

चिमटीने मामाचा हात घट्ट धरला.

शेवटी मामाच म्हणाला, "साहेब, गेंडा नव्या माणसासाठीच ठेवा. आम्ही कुठे बांधणार त्याला? फक्त त्या झाकणाचं लिहून ठेवू या. नाहीतर तोही माझ्यासारखंच करायचा."

"मी नाही लिहिणार!" ठिणगी रडत म्हणाली.

चिमटीने साहेबांकडून कागद-पेन मागून घेतलं आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं, 'टाकीच्या झाकणाला बारीक भोक आहे. ते हवेसाठी आहे. बुजवू नका.'

मामाने वाचलं. "शाबास. किती नीट लिहिलंस गं."

"खाली नाव-पत्ता घाल," साहेब म्हणाले. "काही अडलं तर विचारेल तो."

चिमटीने नाव घातलं. मग तिने वर बघितलं.

"बाबा, पत्ता कुठला लिहू?"

मामाने तिच्या हातातून पेन घेतलं आणि साहेबांना परत दिलं.